सहाव्या आठवड्याचा प्रयोग

१४ ऑगस्ट १९३५ च्या संध्याकाळी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या बेनिंग्टन गावात ‘पॅनोरमा’ या नृत्याचा पहिला प्रयोग झाला. जागा होती गावातली आर्मरी, म्हणजे एरवी शिपायांच्या कवायतीचं दालन. रचना मार्था ग्रॅहम यांची, संगीत नॉर्मन लॉइड यांचं, मंच आर्च लॉटरर यांनी उभारलेला आणि त्यावर अलेक्झांडर काल्डर यांनी केलेली हलती शिल्पं. नाचणाऱ्या तीन डझन स्त्रियांपैकी ग्रॅहम यांच्या न्यूयॉर्कच्या समूहातल्या जेमतेम डझनभर होत्या. बाकीच्या दोन डझन विद्यार्थिनी. बेनिंग्टन कॉलेजच्या उन्हाळी नृत्यवर्गाला त्या आल्या होत्या, आणि सहा आठवड्यांचा तो वर्ग संपता संपता देशातल्या सर्वांत धाडसी रचनाकाराच्या नव्या कामात उभ्या होत्या.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत आज असे उन्हाळी वर्ग जागोजागी चालतात. सकाळी तंत्र, दुपारी रचना, संध्याकाळी तालमी, आणि शेवटच्या आठवड्यात विद्यार्थ्यांचा प्रयोग. आपल्या डोळ्यांना तो शाळेच्या गॅदरिंगसारखा दिसतो: आईवडील, टाळ्या, फोटो, आणि सगळे घरी. त्याची कुळकथा मात्र फार वेगळी आहे. अमेरिकेतलं आधुनिक नृत्य ज्या मोजक्या जागी घडलं, त्यांत सहाव्या आठवड्याच्या या प्रयोगाला मी अगदी वरचं स्थान देतो. शिकायला आलेल्यांनी तिथे शिकलेलं दाखवलं, हे खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांच्या बळावर थोर रचनाकारांना एरवी परवडलं नसतं असं काम उभं करता आलं. आणि शिकणाऱ्यानं लोकांपुढे यावं का, यायचं तर काय घेऊन यावं, हा वाद या प्रयोगानं जवळपास शतकभर जागता ठेवला आहे.

या वादातला पहिला आवाज विद्यापीठातला होता आणि तो प्रयोगाच्या विरोधात होता. मार्गारेट एचडोब्लर या विस्कॉन्सिन विद्यापीठात जीवशास्त्र शिकल्या आणि तिथेच मुलींना बास्केटबॉल शिकवायच्या. नर्तिका त्या कधीच नव्हत्या. स्त्रियांच्या शारीरिक शिक्षण विभागाच्या प्रमुख ब्लांश ट्रिलिंग यांनी, न्यूयॉर्कला शिकायला निघालेल्या एचडोब्लर यांच्यावर एक काम सोपवलं: विद्यापीठात शिकवण्याजोगं नृत्य तिथे सापडतं का ते बघा. जे दिसलं ते त्यांना पटेना. पावलं आणि हावभाव पाठ करून घेणं म्हणजे शिक्षण, हे त्या मानायला तयार नव्हत्या. परतल्यावर १९१७ च्या उन्हाळी सत्रात त्यांनी स्वतःची रीत सुरू केली. मुलींना सरळ जमिनीवर झोपायला लावलं. उभं राहण्याचा भार उतरला की सांधा कुठे वळतो, पाठीचा कणा कसा हलतो, हे प्रत्येकीला आपल्याच अंगात शोधता येतं. पुढे त्यांच्या वर्गात माणसाचा सांगाडाही असायचा, कारण हाडं बघितल्याशिवाय हालचाल कळत नाही असं त्या मानायच्या. १९२६ मध्ये विस्कॉन्सिननं नृत्यातली पदवी सुरू केली. अमेरिकेतली ती पहिली.

म्हणजे नृत्य अमेरिकन विद्यापीठात शिरलं ते उन्हाळी सत्राच्या दारानं आणि व्यायामशाळेतून. त्याचे परिणाम दूरवर गेले. एचडोब्लर यांना व्यावसायिक नर्तिका घडवायच्या नव्हत्या. नृत्य हा प्रत्येक माणसाच्या घडणीचा भाग, ही त्यांची भूमिका. १९१८ पासून त्यांचा ‘ऑर्केसिस’ नावाचा विद्यार्थ्यांचा गट होता, तो लोकांपुढे नाचायचाही. पण प्रयोग हे ध्येय नाही, याबाबत त्या ठाम राहिल्या. मला त्यांच्या या हट्टाबद्दल मोठा आदर आहे. प्रयोगाची तारीख ठरली की वर्गाचं लक्ष शरीरावरून तारखेकडे वळतं, आणि हे नृत्य शिकलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

या कुळकथेचा दुसरा धागा मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतातून येतो. टेड शॉन यांनी १९३१ मध्ये बेकेटजवळची ‘जेकब्स पिलो’ ही जुनी शेतजमीन घेतली. पुरुषांनी रंगमंचावर नाचणं लाजिरवाणं मानलं जायचं, तो हा काळ. स्प्रिंगफील्ड कॉलेजात खेळ आणि कसरत शिकणाऱ्या तरुणांना त्यांनी नृत्य शिकवलं आणि त्यातून फक्त पुरुषांचा संच बांधला. १९३३ च्या उन्हाळ्यात हे तरुण शेतावरच्या कोठारात सराव करायचे आणि पाहुण्यांना बोलवायचे. आलेल्यांना तेच चहा आणि सँडविच द्यायचे. मग शॉन बोलायचे आणि मुलं नाचून दाखवायची. व्याख्यान आणि प्रात्यक्षिक एकत्र, ही रीत तेव्हा न्यूयॉर्कमध्येही रुजत होती. नवं नृत्य बघायचं कसं हे प्रेक्षकाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते बघायलाही शिकवावं लागत होतं.

या दोन्ही धाग्यांची गाठ बेनिंग्टनला पडली. बेनिंग्टन कॉलेज मुलींसाठी १९३२ मध्ये उघडलं, ऐन मंदीत. उन्हाळ्यात इमारती रिकाम्या पडायच्या. अध्यक्ष रॉबर्ट ली यांना त्या वापरात आणायच्या होत्या. कॉलेजात नृत्य शिकवणाऱ्या मार्था हिल यांनी योजना आखली, मेरी जोसेफिन शेली यांनी कारभार हाती घेतला आणि १९३४ च्या जुलैत सहा आठवड्यांची ‘बेनिंग्टन स्कूल ऑफ द डान्स’ सुरू झाली. शंभरावर विद्यार्थिनी देशभरातून आल्या, आणि त्यांत मोठा भरणा होता शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकांचा. त्यांना मोकळा वेळ मिळायचा तो उन्हाळ्यातच. न्यूयॉर्कच्या नृत्यकलावंतांचा हंगाम उन्हाळ्यात थंड असायचा, त्यामुळे त्यांनाही जेवण, निवारा आणि थोडा पैसा देणारी जागा हवीच होती. रिकामं कॉलेज, रिकामे कलावंत आणि सुटीतल्या शिक्षिका असा तिहेरी योग जुळला.

शिकवायला कोण होतं? मार्था ग्रॅहम, डॉरिस हम्फ्री, चार्ल्स वाइडमन आणि हान्या होम. हे चौघे एका छताखाली येणं सोपं नव्हतं. पहिले तिघे एकाच घराण्यातले: रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन यांच्या ‘डेनिशॉन’मधून निघालेले आणि गुरूंशी फारकत घेतलेले. आपल्याला यातला एक दुवा जवळचा वाटेल. डेनिशॉनचा संच १९२५-२६ मध्ये आशियाच्या लांबलचक दौऱ्यावर निघाला तेव्हा भारतातही नाचला, आणि हम्फ्री आणि वाइडमन त्या संचात होते. त्यांच्या गुरूंनी पौर्वात्य वेशभूषा आणि देवदेवता मंचावर आणल्या. शॉन यांनी तर शिवाचं नृत्य रचलं. हम्फ्री परतल्या आणि दोनेक वर्षांत त्यांनी ते सगळं अंगावरून उतरवलं. दुसऱ्यांचं नृत्य पांघरून आपलं होत नाही, ही जाणीव त्या दौऱ्यानं पक्की केली असावी असं मला वाटतं. होम यांची वाट वेगळी होती. त्या जर्मनीतल्या मेरी विग्मन यांच्या शिष्या, १९३१ मध्ये न्यूयॉर्कला येऊन शाळा काढलेल्या.

चौघांची तंत्रं एकमेकांना छेद देणारी. ग्रॅहम यांचं पोटातून आवळणं आणि सोडणं. हम्फ्री यांचं तोल जाऊ देणं आणि सावरणं. होम यांचा भर अवकाशावर. पहिल्या उन्हाळ्यात हे चौघे पाळीपाळीनं येऊन शिकवून गेले. गावोगावच्या शिक्षिकांनी आठवडा-दोन आठवडे एका पद्धतीत अंग मोडून घ्यायचं, जरा जमू लागलं की दुसरी पद्धत. यातून त्यांच्या मनात जे पक्कं झालं ते मोलाचं: आधुनिक नृत्य म्हणजे एक ठरलेली भाषा नाही, ती प्रत्येकाला स्वतः घडवावी लागते.

आणि घडवायची कशी, हे शिकवायला लुई हॉर्स्ट होते. मूळचे पियानोवादक, दहा वर्षं डेनिशॉनचे संगीत दिग्दर्शक, मग ग्रॅहम यांचे सहकारी आणि कडक सल्लागार. ‘डान्स ऑब्झर्व्हर’ हे मासिक त्यांनी याच १९३४ मध्ये काढलं. त्यांचा रचनेचा वर्ग असा चालायचा: पावान, गॅलियार्ड, साराबांद, जीग असे सोळाव्या-सतराव्या शतकातले दरबारी नृत्यप्रकार घ्यायचे. त्यांची जुनी पावलं गिरवायची नाहीत. त्यांचा फक्त सांगाडा उचलायचा. ठरलेल्या मात्रा, एक विषय, मग त्याला प्रतिविषय, मग पुन्हा पहिला विषय. एवढ्या चौकटीत स्वतःच्या हालचालींनी मिनिटा-दोन मिनिटांचं नृत्य बांधायचं आणि वर्गापुढे करायचं. हॉर्स्ट पियानोवर. हालचाल विषय सोडून भरकटली की हात थांबायचे आणि सगळ्यांदेखत झोडपणी व्हायची. अनेक जणी रडायच्या. तरी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा यायच्या.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. आपल्याकडे भरतनाट्यमच्या विद्यार्थिनीचं लोकांपुढे येणं म्हणजे अरंगेत्रम. वर्षानुवर्षांची तालीम, गुरूनं दिलेल्या रचना, एकटीनं पेललेलं अख्खं मार्गम, म्हणजे ठरलेल्या क्रमातली रचनामालिका. तिथे कसोटी लागते ती मिळालेलं किती निगुतीनं जपलं याची. हॉर्स्ट यांच्या वर्गात नवखीलाही पहिल्या आठवड्यापासून स्वतःचं काही करून दाखवावं लागायचं. ते कच्चं असणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असायचं. दोन्ही रीतींचं मोल मी मानतो. पण कच्चं काम चारचौघांत ठेवण्याची सवय लागली की शिकणारी लवकर निर्भय होते, हे मी पाहिलं आहे, आणि आपल्या नृत्यवर्गांना त्यातलं थोडं घेता येईल.

दुसऱ्या वर्षी, १९३५ मध्ये, बेनिंग्टननं ‘वर्कशॉप’ची जोड दिली. सर्वसाधारण वर्ग चालूच. शिवाय निवडक विद्यार्थिनींनी सहा आठवडे एकाच रचनाकाराबरोबर राहून नवं मोठं नृत्य उभं करायचं आणि शेवटी त्याचा जाहीर प्रयोग. ग्रॅहम यांच्याकडे एरवी दहा-बारा नर्तिका असायच्या, त्याही दिवसभर पोटासाठी दुसरीकडे राबून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या. इथे तिपटीनं माणसं, अख्खा दिवस मोकळा, राहणं-जेवणं तिथेच, आणि लॉटररसारखा कवायतीच्या दालनातून रंगभूमी काढणारा माणूस. आधुनिक नृत्यातली मोठी समूहचित्रं इथून निघाली, आणि मला त्यामागचं कारण अगदी व्यावहारिक वाटतं: फी भरून आलेल्या विद्यार्थिनींनी रचनाकारांना गर्दी पुरवली. ‘पॅनोरमा’नंतर १९३६ मध्ये हम्फ्री यांचं ‘विथ माय रेड फायर्स’ आणि वाइडमन यांचं ‘क्वेस्ट’, १९३७ मध्ये होम यांचं ‘ट्रेंड’. १९३८ मध्ये चौघांचीही नवी कामं एकाच उन्हाळ्यात आली, आणि ग्रॅहम यांचं ‘अमेरिकन डॉक्युमेंट’ त्यातलंच.

‘पॅनोरमा’चं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. त्या ऑगस्टनंतर ते विस्मरणात गेलं. कित्येक दशकांनी ज्युलियन ब्रायन यांनी घेतलेलं मूक चित्रीकरण हाती आलं आणि त्याच्या आधारे ग्रॅहम कंपनीतल्या ज्येष्ठ नर्तिका युरिको यांनी १९९२ मध्ये त्याचा एक भाग पुन्हा बसवला. तेव्हापासून ग्रॅहम कंपनी हा भाग करते तेव्हा बऱ्याचदा ज्या शहरात प्रयोग असेल तिथल्या शाळा-कॉलेजांतल्या मुली त्यात घेते. मूळ नृत्याची गरजच ती आहे. लाल वेशातल्या तीसेक तरुण मुली मंचभर धावतात, थबकतात, मुठी आवळतात. सराईत नर्तिकांच्या सफाईपेक्षा त्यांच्या अंगातली निकड त्या रचनेला शोभते.

बेनिंग्टनचा सर्वांत दूरगामी परिणाम मंचाबाहेर झाला. शिकायला आलेल्या शिक्षिका सप्टेंबरात आपापल्या कॉलेजात परतल्या. तिथे व्यायामशाळा त्यांच्या ताब्यात होत्या, कार्यक्रमांसाठी थोडा निधीही असायचा. त्यांनी या कलावंतांना बोलावणं धाडलं. ग्रॅहम, हम्फ्री-वाइडमन, होम यांचे संच मग गावोगावच्या कॉलेजांच्या व्यायामशाळांतून नाचत फिरले. बास्केटबॉलच्या रेघा आखलेल्या लाकडी जमिनीवर, कधी दुपारी वर्ग आणि रात्री प्रयोग असे. नृत्याच्या इतिहासात त्याला ‘जिम्नॅशियम सर्किट’ असंच म्हणतात. मोठ्या नाट्यगृहांनी आणि ठेकेदारांनी दार उघडलं नव्हतं, त्या काळात आधुनिक नृत्याचा प्रेक्षक देशभर घडवला तो या शिक्षिकांनी. त्यांच्यापैकी फार थोड्यांची नावं पुस्तकांत आली. त्यांनी प्रयोगात भाग घेतला होता म्हणूनच त्या इतक्या खात्रीनं बोलावू शकल्या: काय मागवतो आहोत हे त्यांना अंगानं माहीत होतं.

विद्यार्थ्यांची यादी वाचताना आज नवल वाटतं. १९३६ आणि १९३७ च्या उन्हाळ्यांत मिशिगनहून एलिझाबेथ ब्लूमर नावाची तरुणी आली होती. पुढे ती ग्रॅहम यांच्याकडे न्यूयॉर्कलाही शिकली, आणि त्याच्याही पुढे बेटी फोर्ड म्हणून अमेरिकेची प्रथम महिला झाली. ग्रॅहम यांचा पगडा तिच्यावर जन्मभर राहिला. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या हस्ते ग्रॅहम यांना ‘मेडल ऑफ फ्रीडम’ मिळालं. होजे लिमोन आणि ॲना सोकोलोव यांना १९३७ मध्ये बेनिंग्टननं शिष्यवृत्ती देऊन स्वतःची रचना करू दिली. कठपुतळ्यांच्या खेळातून आलेला आल्विन निकोलाय इथे शिकला. १९३९ मध्ये अख्खी शाळा एका उन्हाळ्यापुरती कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजात गेली. तिथे ग्रॅहम यांनी मर्स कनिंगहॅम या विशीतल्या पोराला हेरलं आणि न्यूयॉर्कला बोलावून घेतलं. १९४२ नंतर युद्धामुळे बेनिंग्टनची शाळा बंद पडली.

मार्था हिल स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. १९४८ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या न्यू लंडन इथे, कनेक्टिकट कॉलेजात, न्यूयॉर्क विद्यापीठाच्या साथीनं त्यांनी तोच साचा पुन्हा उभा केला: सहा आठवड्यांची शाळा आणि शेवटी महोत्सव. हाच ‘अमेरिकन डान्स फेस्टिव्हल’. फरक एक पडला. आता व्यावसायिक संचांचे प्रयोग आणि विद्यार्थ्यांचं काम एकमेकांपासून थोडं सुटं झालं. मोठ्या मंचावर लिमोन यांच्यासारखे कलावंत. १९४९ मध्ये ऑथेल्लोच्या कथेवरचं त्यांचं ‘द मूर्स पावान’ इथेच पहिल्यांदा झालं, आणि त्या नावातला पावान हॉर्स्ट यांच्या वर्गाची आठवण करून देतो. विद्यार्थ्यांनी स्टुडिओत आपलं दाखवायचं. कंबरेच्या दुखण्यानं नाचणं सुटलेल्या हम्फ्री रचना शिकवायच्या. त्या शिकवण्यातून उतरलेलं ‘द आर्ट ऑफ मेकिंग डान्सेस’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९५९ मध्ये आलं. नृत्यं हमखास नको इतकी लांबतात, ही त्यांची तक्रार विद्यार्थ्यांचा कुठलाही प्रयोग बघताना आजही खरी ठरते.

१९५२ च्या उन्हाळ्यात सिराक्यूज विद्यापीठातून एक उंचापुरा पोहणारा मुलगा आला, पॉल टेलर. नृत्यात तो अगदी उशिरा पडलेला. हॉर्स्ट यांच्या तालमीत त्यानं वर्ग केले, पुढे ग्रॅहम यांच्या कंपनीत नाचला. १९५७ मध्ये न्यूयॉर्कला त्यानं सात नवी नृत्यं सादर केली. एकात तो आणि त्याची जोडीदारीण पडदा पडेपर्यंत हललेच नाहीत. हॉर्स्ट यांनी ‘डान्स ऑब्झर्व्हर’मध्ये त्यावर परीक्षण दिलं ते कोरं: वर प्रयोगाची जागा आणि तारीख, खाली सहीची आद्याक्षरं आणि मध्ये पांढरा कागद. रचनेचा गुरू आणि त्याचा विद्यार्थी यांच्यातला हा संवाद माझ्या मते नृत्यसमीक्षेतला सर्वांत प्रामाणिक संवाद आहे. टेलरनं हलणं नाकारलं, हॉर्स्टनी लिहिणं. आणि १९६२ च्या ऑगस्टमध्ये टेलर पुन्हा न्यू लंडनला आला, हँडेलच्या संगीतावरचं ‘ऑरिओल’ घेऊन. इतकं खळाळतं नृत्य त्यानं आधी केलं नव्हतं, आणि त्याची कंपनी ते पुढे जगभर करत राहिली.

त्याच १९६२ च्या उन्हाळ्यात, महिनाभर आधी, न्यूयॉर्कमध्ये वर्गाअखेरीचा आणखी एक प्रयोग झाला. एचडोब्लर यांचा धागा आणि बेनिंग्टनचा धागा तिथे एकमेकांत विणले गेले, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. एचडोब्लर यांची विस्कॉन्सिनमधली विद्यार्थिनी ॲना हॅलप्रिन कॅलिफोर्नियात स्थायिक झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, घराच्या उतारावर, झाडांमध्ये तिच्यासाठी उघडा लाकडी मंच बांधला होता; तो तिचे पती लॉरेन्स हॅलप्रिन यांनी आर्च लॉटरर यांच्याबरोबर आखलेला. हो, बेनिंग्टनच्या आर्मरीतलेच लॉटरर. १९६० च्या उन्हाळ्यात तिथल्या कार्यशाळेला इव्होन रेनर, त्रिशा ब्राउन, सिमोन फोर्टी आल्या. शरीराची रचना समजून घेणं, उत्स्फूर्त हालचाल, साध्या कामांतून नृत्य: एचडोब्लर यांची बीजं इथे उगवून आली होती. तिथून न्यूयॉर्कला आल्यावर त्या रॉबर्ट डन यांच्या रचनावर्गात गेल्या. हा वर्ग कनिंगहॅम यांच्या स्टुडिओत भरायचा. डन संगीतकार, जॉन केज यांच्याकडे शिकलेले. हॉर्स्ट आणि हम्फ्री यांची चौकटीतली रचना त्यांना नको होती. फासे, नकाशे, यदृच्छेनं निघालेले नियम यांवरून काम करायला सांगायचे आणि दाखवून झाल्यावर चांगलं-वाईट न म्हणता विचारायचे की तू हे कसं बांधलंस?

वर्गातलं काम साचलं, तेव्हा ते लोकांपुढे ठेवायला जागा शोधली. वॉशिंग्टन स्क्वेअरवरच्या जडसन मेमोरियल चर्चनं दार उघडलं. ६ जुलै १९६२ च्या रात्री १४ रचनाकारांची २३ नृत्यं झाली. विद्यार्थ्यांचा प्रयोगच तो, पण जगभरचा नृत्याचा इतिहास उत्तर-आधुनिक पर्व मोजतो ते त्या रात्रीपासून.

बेनिंग्टनशी मी ही रात्र जोडतो, कारण कनिंगहॅम स्वतः त्या शाळेतून आलेले, आणि डन जिच्याशी भांडत होते ती शिस्तही तिथलीच. भांडायला इतकी भक्कम शिस्त समोर नसती, तर जडसनच्या मंडळींना आपलं म्हणणं इतकं नेमकं मांडता आलं नसतं.

अमेरिकन डान्स फेस्टिव्हलची सूत्रं १९६० च्या दशकाअखेरीस चार्ल्स राइनहार्ट यांच्याकडे आली आणि १९७८ मध्ये महोत्सव नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरी, ड्यूक विद्यापीठाच्या आवारात हलला. तिथे वर्गांसाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींत ‘द आर्क’ नावाची एक जुनी लाकडी इमारत आहे. १८९८ मध्ये ती व्यायामशाळा म्हणून बांधली गेली. त्या राज्यातला महाविद्यालयांमधला पहिला बास्केटबॉल सामना १९०६ मध्ये तिथेच झाला. बास्केटबॉल शिकवणाऱ्या बाईंपासून सुरू झालेल्या विद्येला अशी जागा मिळावी, यात मला मोठं औचित्य वाटतं.

महोत्सवाचा मोठा पुरस्कार १९८१ पासून सॅम्युअल स्क्रिप्स यांच्या नावानं दिला जातो आणि पहिला मिळाला ग्रॅहम यांना. हे स्क्रिप्स आपल्याला परके नाहीत. त्यांच्या पत्नी लुईझ भरतनाट्यम नर्तिका बालसरस्वतींच्या शिष्या. बालसरस्वती १९६२ मध्ये जेकब्स पिलोला नाचल्या आणि त्यांनी अमेरिकेत शिकवलंही. पौर्वात्य कलांसाठी स्क्रिप्स दांपत्यानं जी संस्था काढली, तिच्या उन्हाळी वर्गांत दक्षिणेतले गुरू अमेरिकन विद्यार्थ्यांना शिकवायचे. हम्फ्रींच्या पिढीनं भारत दौऱ्यात दुरून पाहिला. चाळीस वर्षांनी उन्हाळी वर्गात त्यांच्या देशातली मुलं भरतनाट्यमचे अडवू शिकत होती. वेष पांघरण्याऐवजी विद्या मागणं, हा बदल मला फार मोठा वाटतो.

ड्यूकमध्ये ‘वर्कशॉप’ची परंपरा ‘फूटप्रिंट्स’ या नावानं चालली: बोलावलेल्या रचनाकारांनी शाळेच्या विद्यार्थ्यांवर नवं नृत्य बसवायचं आणि ते महोत्सवात तिकीट लावून दाखवायचं. सुरुवातीलाच निवड होते आणि मग दिवसाचे वर्ग सांभाळून तालमी. ज्यांची निवड होत नाही त्यांच्यासाठी स्टुडिओतली छोटी सादरीकरणं असतात, स्वतःच्या रचनांची, साध्या उजेडात, सहाध्यायांपुढे. मी तिथला प्रेक्षक असतो तर आधी या दुसऱ्या प्रकाराला गेलो असतो. मोठ्या मंचावर रचनाकाराचं नाव असतं. इथे मात्र वीस वर्षांची मुलगी काय विचार करते आहे ते दिसतं.

अशा सादरीकरणानंतर बोलायचं कसं, याचीही एक रीत आता पुष्कळ विद्यापीठांत रुळली आहे. नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास ती बांधली. तिच्या चार पायऱ्या आहेत. आधी बघणाऱ्यांनी आपल्याला काय भावलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं. मग रचना करणाऱ्यानं स्वतःच्या शंका विचारायच्या. मग बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यात मत दडवायचं नाही. ‘इतकं लांब का’ असं न विचारता ‘लांबी कशी ठरवलीस’ असं विचारायचं. आणि सर्वांत शेवटी मत, तेही परवानगी घेऊन. ‘प्रकाशाबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?’ असं विचारलं की समोरची ‘नको’ म्हणू शकते.

हॉर्स्ट यांच्या पियानोपासून इथवर आलेली ही वाट मला आवडते, तरी एका गोष्टीसाठी मी त्यांच्या बाजूनं उभा राहतो. त्यांच्या वर्गात झोडपणी झाली की पुढच्या तासाला तीच रचना दुरुस्त करून पुन्हा दाखवावी लागायची. आज अनेक उन्हाळी वर्गांत विद्यार्थ्यांचं सादरीकरण अगदी शेवटच्या दोन दिवसांत कोंबलेलं असतं. चारही पायऱ्या नीट पार पडतात आणि दुसऱ्या दिवशी बॅगा भरून सगळे विमानतळावर. ऐकलेल्या मताचं नृत्यात काय करायचं, हे शिकायला वेळच उरत नाही. सहा आठवड्यांच्या वर्गात पहिलं सादरीकरण चौथ्या आठवड्यात हवं, अपुरं असलं तरी, आणि तेच काम बदलून सहाव्यात पुन्हा. वेळापत्रक आखणाऱ्यांना हे अवघड नाही. त्यासाठी एखादा पाहुण्यांचा वर्ग कमी करावा लागला तरी चालेल.